बायबलचा तास

माझ्या आजोबांच्या लाकडी कपाटात दोन पुस्तके कायम शेजारी-शेजारी असत. एक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि दुसरे काळ्या कापडी बांधणीचे इंग्रजी बायबल. बायबलच्या आतल्या पानावर शाळेचा छापील कागद डकवलेला होता. त्यावर आजोबांचे नाव, इयत्ता आणि शास्त्रपाठात पहिला आल्याबद्दल हे बक्षीस, अशा अर्थाचा मजकूर होता. आजोबा रोज संध्या करीत, एकादशी धरीत. ख्रिस्ती धर्माकडे ते कधी ओढले गेल्याचे घरात कोणी सांगत नाही. पण ते पुस्तक त्यांनी कधी रद्दीतही घातले नाही. लहानपणी मी ते उघडून पाहिले, तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पानापानावर समासात शिसपेन्सिलीने मराठी शब्दार्थ लिहिलेले दिसले. पुढची पाने कोरी होती. बहुधा परीक्षा तेवढ्यावरच संपली असावी.

शाळेने त्या मुलाला इंग्रजीच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत न्यायचे ठरवले होते. मुलाने ख्रिस्ताच्या वाटेने इंग्रजी गाठले आणि तिथेच मुक्काम केला. यात कोणी कोणाला वापरले, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडलेला आहे. मिशनऱ्यांच्या शाळांविषयी आपल्याकडे दोन ठराविक सूर ऐकू येतात. शिक्षणाच्या नावाखाली बाटवाबाटवी केली, हा एक. त्यांनी शिकवले म्हणून आपण शहाणे झालो, हा दुसरा. दोन्ही सुरांत शिकणारा मुलगा मुकाच राहतो. या लेखात मी त्या मुलाच्या बाजूने हा इतिहास पाहण्याचा प्रयत्न करणार आहे.

आधी मराठी, मग इंग्रजी

मिशनऱ्यांनी आल्या आल्या इंग्रजी शाळा काढल्या, असा एक सर्वसाधारण समज आहे. मुंबईपुरता तरी तो बरोबर नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम सुटले होते. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली आणि शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये राखून ठेवावेत असेही कलम घातले. हॉल राहिले. त्यांनी मराठी शिकून घेतली, रस्त्यांवर आणि देवळांच्या आवारात मराठीत उपदेश केला आणि १८१५ पासून मराठी शाळा काढल्या. त्या शाळांतले बरेचसे पंतोजी हिंदूच होते. मुलांनी मोडी, बालबोध, हिशेब शिकावा आणि जोडीला ख्रिस्ती पुस्तके वाचावीत, अशी योजना होती. नव्या कराराचे या मिशनचे मराठी भाषांतर १८२६ मध्ये पुरे झाले. त्याच वर्षी हॉल दौऱ्यावर असताना पटकीने वारले.

स्कॉटिश मिशनऱ्यांची सुरुवातही कोकणातल्या बाणकोट-हर्णैच्या परिसरात मराठी शाळांनीच झाली. रॉबर्ट नेस्बिट यांच्या मराठीचा त्या काळी लौकिक होता. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि लगेच हर्णैला जाऊन मराठीच्या अभ्यासाला बसले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या, त्याही मराठीच. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी विल्सन यांचा जाहीर वाद झाला, तो मराठीत झाला. ‘हिंदुधर्मस्थापना’ हे मोरभटांचे पुस्तक त्यातूनच आले आणि विल्सन यांनी त्याला उत्तरही दिले. धर्माच्या मैदानात दोन्ही बाजू एकाच भाषेत उभ्या होत्या, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ऐकणाऱ्याला वाद समजत होता आणि कोण हरले, कोण जिंकले हे त्याचे त्याला ठरवता येत होते.

यामागे प्रॉटेस्टंट पंथाची मूळ धारणाच होती. देवाचे वचन ज्याने त्याने आपल्या भाषेत वाचावे, मध्ये कोणी पुरोहित नको. ज्यांनी युरोपात लॅटिनची मक्तेदारी मोडली, त्यांनी हिंदुस्थानात येऊन एक नवी परकी भाषा धर्माची भाषा म्हणून पुढे का करावी? श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी तर मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये प्रसिद्ध केला होता. मराठी ही तेव्हा मिशनची कामाची भाषा होती. मग इंग्रजी आली कुठून?

डफ यांचा सुरुंग

ती आली कलकत्त्याहून. अलेक्झांडर डफ हा चोविशीचा स्कॉटिश धर्मोपदेशक १८३० मध्ये कलकत्त्यात पोचला. वाटेत दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ त्याचे जहाज फुटले होते आणि सोबतची पुस्तके जवळजवळ सगळी समुद्रात गेली होती. हुगळीच्या तोंडाशी दुसऱ्या जहाजालाही वादळाने गाठले. या माणसाने कलकत्त्यात पाहिले, की वरच्या जातींची मुले इंग्रजीसाठी आसुसलेली आहेत. त्याने हिशेब मांडला. खेड्यापाड्यांतून एकेका माणसाला उपदेश करत बसण्यापेक्षा उच्चवर्णीय तरुणांना इंग्रजीतून विज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान आणि बायबल एकत्र शिकवावे. पृथ्वी, ग्रहणे, भूगोल यांचे नवे ज्ञान पुराणांवरचा विश्वास आपोआप उडवील आणि रिकाम्या झालेल्या जागी ख्रिस्त येईल. हे तरुण मग आपापल्या समाजाला ओढून आणतील. डफ स्वतः या योजनेला सुरुंगाची उपमा देत असे. सुरुंग खणायला वेळ लागेल, पण उडेल तेव्हा किल्ला मुळापासून ढासळेल, असा त्याचा विश्वास होता.

त्याला शाळेसाठी जागा मिळवून दिली राममोहन रॉय यांनी. १३ जुलै १८३० रोजी शाळा उघडली, त्या दिवशी मुलांच्या हातात शुभवर्तमान देताच कुरकुर सुरू झाली. राममोहन तिथे हजर होते. त्यांनी मुलांना सांगितले, की मी कुराण वाचले म्हणून मुसलमान झालो नाही, बायबल वाचले म्हणून ख्रिस्ती झालो नाही. विल्सन नावाच्या इंग्रज पंडिताने हिंदू शास्त्रे वाचली म्हणून तो काही हिंदू झाला नाही. वाचा आणि स्वतः ठरवा. त्या सकाळी एकाच खोलीत दोन माणसे एकाच पुस्तकाकडे बोट दाखवत होती आणि दोघांच्या मनातले हेतू वेगळे होते. पुढच्या शंभर वर्षांचा मिशन शाळांचा इतिहास या दोन हेतूंच्या ओढाताणीचाच आहे.

डफ यांचा हिशेब एका बाबतीत चुकला. इंग्रजीचे दार एका पुस्तकापुरते उघडता येत नाही. कलकत्त्यात त्याच सुमारास टॉमस पेन यांची पुस्तके अमेरिकेतून जहाजाने येत आणि तरुण ती हातोहात घेत. डफ यांनीच त्याबद्दल तक्रार केली आहे. पुराणांवरचा विश्वास डळमळीत झालेला मुलगा बायबललाही तेच प्रश्न विचारू लागला. कृष्णमोहन बॅनर्जींसारखे काही जण १८३२ मध्ये ख्रिस्ती झाले, ही गोष्ट खरी. बाकीच्या पुष्कळांना सुरुंगाचा उपयोग स्वतःच्या पद्धतीने करायचा होता.

सरकारी पातळीवर मेकॉले यांचाही असाच भरवसा होता. त्यांच्या १८३५ च्या टिपणावरून बेंटिंक यांनी इंग्रजीचा ठराव केला. दुसऱ्याच वर्षी वडिलांना लिहिलेल्या पत्रात मेकॉले यांनी भाकीत केले, की हे शिक्षण असेच चालले, तर तीस वर्षांनी बंगालच्या प्रतिष्ठित वर्गात एकही मूर्तिपूजक उरणार नाही आणि त्यासाठी धर्मप्रसाराची वेगळी खटपटही करावी लागणार नाही. तीस वर्षांनी, म्हणजे १८६६ मध्ये, बंगालमध्ये दुर्गापूजा थाटात चालू होती.

मुंबईचा सौदा

विल्सन यांनी मुंबईत १८३२ मध्ये इंग्रजी शाळा सुरू केली. तीच पुढे विल्सन कॉलेज झाली. चौपाटीवरची आजची इमारत १८८९ ची. शाळेत काय चालते हे विल्सन यांनी कधी लपवले नाही. बायबलचा तास वेळापत्रकात होता आणि तो सर्वांना होता. सरकारच्या एल्फिन्स्टन संस्थेत धर्माचे नाव निघत नसे, मिशनच्या शाळेत निघणार, हे गिरगावातल्या प्रत्येक आईबापाला ठाऊक होते. तरीही त्यांनी मुले पाठवली. शिक्षण चांगले होते, खर्च थोडा होता आणि इंग्रजी येणाऱ्याला कचेरीत नोकरी होती. बायबल ऐकावे, इंग्रजी घ्यावे आणि घरी येऊन आंघोळ करावी. असा हा सौदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण दोन्ही बाजूंना पाठ होता.

सौदा मोडला १८३९ मध्ये. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी मे महिन्यात बाप्तिस्मा घेतला. मुंबईत खळबळ उडाली. धनजीभाईंना परत मिळवण्यासाठी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. मुलगा स्वतःचा निर्णय घेण्याइतका जाणता आहे, असे म्हणून कोर्टाने त्याला हवे तिथे जाण्याची मोकळीक दिली. पारशी पालकांनी मुले भराभर काढून घेतली. दहा वर्षांनी, १८४९ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून पारशी मुलांसाठी स्वतंत्र शिक्षणसंस्था उभी राहिली. एका समाजाने घेतलेला धडा त्या संस्थेच्या पायात आहे, असे मी समजतो. इंग्रजी हवी असेल, तर तिची शाळा आपल्या ताब्यात हवी.

चार वर्षांनी ब्राह्मण समाजाची पाळी आली. नारायण शेषाद्री या विद्यार्थ्याला १८४३ मध्ये नेस्बिट यांनी बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा होता आणि तोही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले. आता प्रश्न पडला तो घरच्यांना. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला पंक्तीला घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून जिवाचे रान केले. सनातन्यांनी श्रीपतला तर नाकारलेच, जांभेकरांनाही वाळीत टाकण्याचा घाट घातला. त्या बारा वर्षांच्या मुलाचा विचार मनात आला, की मिशनवाले आणि सनातनी या दोघांचाही राग येतो. एकाने त्याला त्याच्या वयाला न पेलणाऱ्या दारात नेऊन उभे केले आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीमागचे दार लावून घेतले. त्याला काय हवे होते, हे विचारणारे बाळशास्त्रींसारखे लोक त्या गर्दीत थोडेच होते.

मोठा भाऊ नारायण पुढे नामांकित धर्मोपदेशक झाला. जालन्याजवळ त्याने बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. तिथे राहायला आलेली माणसे प्रामुख्याने महार-मांग समाजांतली होती. इंग्रजी शाळेतून बाहेर पडलेल्या ब्राह्मण ख्रिस्ती माणसाने आपले आयुष्य मराठी बोलणाऱ्या अस्पृश्यांत घालवावे, हे डफ यांच्या योजनेत कुठेच बसत नव्हते.

अँडरसन यांचा हिशेब

इंग्रजी शाळा धर्मप्रसारासाठी खरोखर उपयोगी पडतात का, हा प्रश्न मिशनच्याच एका अधिकाऱ्याने विचारला आणि त्याचे उत्तर अमलातही आणले. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४ च्या अखेरीस मुंबईत आले आणि तिथून अहमदनगरला गेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मिशनचे काम स्थानिक मंडळ्या उभ्या करण्याचे आहे. त्या मंडळ्यांनी स्वतःचा कारभार चालवावा, स्वतःचा खर्च भागवावा, स्वतःच प्रसार करावा. त्यासाठी गावच्या भाषेत बोलणारा पाळक हवा. इंग्रजी शिकलेला मुलगा आपल्या माणसांपासून तुटतो आणि चांगल्या पगारासाठी सरकारी कचेरीत जातो. मग त्याच्यावर दानशूर अमेरिकनांचा पैसा का खर्चायचा? या भेटीनंतर मराठी मिशनमध्ये इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली. श्रीलंकेत जाफन्याजवळच्या बट्टिकोटा येथे १८२३ पासून चाललेली नामांकित सेमिनरी १८५५ मध्ये बंद झाली.

आकड्यांच्या हिशेबाने अँडरसन बरोबर होते. नगर जिल्ह्यात पुढच्या काळात ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या त्या खेड्यांत, मराठी शाळामास्तरांच्या आणि मराठी भजन-कीर्तनाच्या आधाराने. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्याला कोणत्याही इंग्रजी शाळेतला बायबलचा तास कारण नव्हता. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी स्वतःहून वाचला आणि मग ख्रिस्ताला अभंगात आणले.

पण अँडरसन यांच्या हिशेबात एक खोट आहे. इंग्रजीने मुलगा आपल्या माणसांपासून तुटतो, हे वाक्य बोलणाऱ्याला इंग्रजी येत होती. ती कोणाला द्यायची नाही, हेही तोच ठरवत होता. राज्याची, कोर्टाची, पगाराची भाषा इंग्रजी असताना गरीब ख्रिस्ती मुलाला तुझ्यासाठी मराठीच बरी असे सांगणे म्हणजे त्याला गावकुसाबाहेरच ठेवणे होय. जाफन्याच्या तमिळ ख्रिस्ती मंडळींनी हे मानले नाही. त्यांच्या पुढाकाराने १८७२ मध्ये तिथे पुन्हा कॉलेज उभे राहिले. मद्रास विद्यापीठाचे अगदी पहिले दोन पदवीधर याच बंद पडलेल्या बट्टिकोटाचे जुने विद्यार्थी होते. त्यांतले दामोदरम पिळ्ळै पुढे शैव धर्मात परतले आणि त्यांनी प्राचीन तमिळ ग्रंथ संपादून छापले. सुरुंग पुरणाऱ्यांना हा स्फोट अपेक्षित नव्हता.

खालच्यांसाठी कोण?

या जागी सरकारचा विचारही तपासायला हवा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे आपल्याकडे उदार गव्हर्नर म्हणून मान पावलेले आहेत. त्यांच्या १८२३ च्या शिक्षणविषयक टिपणात मिशनऱ्यांचा एक अनुभव नोंदवलेला आहे. सर्वांत चांगले विद्यार्थी खालच्या जातींतले निघतात, असा तो अनुभव. त्यावर त्यांचा शेरा असा, की या लोकांना खास उत्तेजन देताना जपावे, कारण शिक्षण आधी त्यांच्यात रुजले, तर ते पुढे इतर वर्गांत पसरणारच नाही. म्हणजे मुले हुशार आहेत हे मान्य, पण त्यांना पुढे आणणे गैरसोयीचे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा एका मुलासाठी बाकीच्यांना दुखवू नये, अशा विचाराने सरकारने त्याला आत घेतले नाही. धर्मात हात घालायचा नाही, या सरकारी तटस्थतेचा अर्थ व्यवहारात जातीला हात लावायचा नाही, असा होत होता.

मिशनच्या शाळांतही जातीच्या कुरबुरी होत आणि मिशनरी कधी कधी त्यांपुढे नमतही. तरी त्यांचे दार तत्त्वतः सर्वांना उघडे होते. त्या दारातून पुण्यात १८४१ मध्ये एक माळ्याचा मुलगा स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत गेला. जोतीराव फुले १८४७ पर्यंत तिथे शिकले. त्यांनी बायबल ऐकले आणि त्याच सुमारास टॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ही वाचले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढली. पुढे काही वर्षे मिशनच्या मुलींच्या शाळेत ते शिकवतही होते. त्यांचे बाबा पदमनजींसारखे स्नेही ख्रिस्ती झाले. जोतीराव झाले नाहीत. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि पुस्तक अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केले. मिशनने दिलेली भाषा त्यांनी मिशनच्या देवासाठी वापरली नाही आणि साहेबाच्या खुशामतीसाठीही वापरली नाही. आपल्या माणसांची फिर्याद जगापुढे मांडण्यासाठी वापरली. १८८२ च्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तिचा रोख वरून खाली झिरपणाऱ्या शिक्षणाच्या कल्पनेवरच होता. डफ यांची सगळी इमारत त्याच कल्पनेवर उभी होती.

कोल्हापूरचे पत्र

अँडरसन यांना त्यांच्याच मिशनमधून विरोध करणारा एक माणूस होता. रॉयल वाइल्डर आधी अहमदनगरला आणि १८५२ पासून कोल्हापुरात होते. शाळा बंद करण्याचे धोरण त्यांना मान्य नव्हते. वाद विकोपाला जाऊन त्यांचा बोर्डाशी संबंध तुटला, १८६१ मध्ये त्यांनी मिशन शाळांच्या बाजूने पुस्तक लिहिले आणि कोल्हापुरात स्वतंत्रपणे काम केले. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी १८७८ मध्ये ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढले.

त्याच वर्षी कोल्हापुरात टपाल खात्यात असलेल्या गोपाळराव जोशींनी तिथल्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. आपल्या पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, मदत होईल का? पत्र ‘मिशनरी रिव्ह्यू’त छापून आले आणि त्याखाली वाइल्डर यांचे उत्तरही आले. आधी ख्रिस्ताचा स्वीकार करा, असा त्याचा आशय होता. शाळांसाठी आपल्या वरिष्ठांशी भांडलेला हा माणूससुद्धा शेवटी अट सोडायला तयार नव्हता. सौद्याची किंमत इतकी उघडपणे क्वचितच सांगितली गेली असेल.

पण छापलेला कागद कोणाच्या हाती पडेल, हे छापणाऱ्याच्या हातात नसते. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे खोळंबलेल्या असताना तो अंक चाळला आणि कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना पत्र पाठवले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या मिशनच्या कॉलेजात, म्हणजे कॅरी यांच्याच संस्थेत, आनंदीबाई इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या आणि मी हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे सांगून मोकळ्या झाल्या. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती झाल्या होत्या. पण त्यांचेही वागणे शाळेने ठरवलेल्या साच्यात बसणारे नव्हते. ज्या मठातल्या भगिनींबरोबर त्यांनी इंग्रजी पक्की केली, त्यांच्याशीच त्यांनी इंग्रजी पत्रांतून धर्ममतांवर वर्षानुवर्षे वाद घातला आणि आज्ञाधारकपणाचा उपदेश पचवला नाही. अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले. एक बाई धर्म नाकारते, दुसरी स्वीकारते. दोघींनीही निवड स्वतःकडे ठेवली, म्हणून मी त्यांची नावे एकत्र घेतो.

विरजण आणि वाघीण

पुढची गोष्ट आपल्या जास्त परिचयाची आहे. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची पद्धत आणली. त्यासाठी डफ यांनीही पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली होती. अनुदानामुळे मिशनच्या शाळा वाढतील, ही अपेक्षा होती. त्या वाढल्याही. पण तोच नियम एतद्देशीयांच्या संस्थांनाही लागू होता. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि मंडळींनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. चिपळूणकर मिशनऱ्यांचे कडवे टीकाकार. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची रीत त्यांच्याच नावाने रूढ आहे. शाळेच्या नावात त्यांनी ‘इंग्लिश’ शब्द ठेवला आणि वेळापत्रकातून बायबल वगळले. चाळीस वर्षांपूर्वी पारशांनी जे ओळखले होते, ते आता पुण्याने कृतीत आणले. सौद्याची गरजच संपली.

बाप्तिस्मे मोजायचे, तर हाती फारसे काही लागत नाही, हे मिशन कॉलेजांनाही उमगले होते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विल्यम मिलर १८६२ मध्ये भारतात आले. कॉलेजाने माणसे बाटवायची नाहीत, विरजणासारखे समाजात मुरायचे, असा अर्थ त्यांनी या कामाला दिला. स्कॉटलंडमधल्या वर्गणीदारांना तो पचायला जड गेला. बायबलचा तास सक्तीचा नसावा, गावात दुसरी शाळा नसेल तर पालकाला नकार देण्याची सवलत हवी, ही मागणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जोर धरू लागली. ऑक्सफर्डच्या ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९३१ च्या अहवालात मान्य केले, की परीक्षांच्या रगाड्यात या कॉलेजांचा मूळ हेतू हरवत चालला आहे. नगरला भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज स्थापन केले. त्यांच्या डोळ्यांसमोर जिल्ह्यातली खेडी होती.

उघड दार, झाकलेले दार

हे सगळे जुने झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. गेल्या चाळीसएक वर्षांत चीनमध्ये, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर पूर्व युरोपात व मध्य आशियात, इंग्रजीचे शिक्षक म्हणून गेलेल्यांत ख्रिस्ती प्रचारकांचा मोठा भरणा आहे. मिशनरी म्हणून जिथे प्रवेश मिळत नाही, तिथे शिक्षक म्हणून मिळतो. अ‍ॅलिस्टर पेनिकुक यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी यावर बोट ठेवले आहे. वर्गात बसलेल्याला समोरचा माणूस कशासाठी आला आहे हे माहीत नसेल, तर त्याने दिलेल्या संमतीला अर्थ काय?

या कसोटीवर विल्सन आणि डफ यांना मी वेगळे काढतो. त्यांच्या धर्ममताशी माझे काही देणेघेणे नाही. हिंदू धर्माविषयी त्यांनी जे लिहिले, त्यातले पुष्कळसे एकांगी आणि काही तर अपमानकारक आहे. बारा वर्षांच्या श्रीपतला घरात ठेवून घेणे मला आजही समर्थनीय वाटत नाही. पण त्यांच्या दारावर पाटी होती. तीवर लिहिलेले वाचून, पुरता विचार करून लोक आत जात होते आणि आपल्याला हवे ते घेऊन बाहेर पडत होते. मराठी माणसाने इंग्रजी घेतली ती अशी, डोळे उघडे ठेवून. त्याला केवळ फसवणूक म्हटले, तर आपल्याच पणजोबा-आजोबांना आपण भोळसट ठरवतो. केवळ उपकार म्हटले, तर त्यांनी मोजलेली किंमत विसरतो.

तो सौदा सर्वांना सारखा मिळाला नाही, हीच मला यातली सर्वांत मोठी खंत वाटते. गिरगावातल्या आणि पुण्यातल्या वरच्या जातींना निवड होती. मिशन, सरकार, पुढे स्वतःच्या संस्था. धारवाडच्या त्या महार मुलाला एकही नव्हती. कोणाला इंग्रजी द्यायची आणि कोणाची मराठी ‘जपायची’, हे आजही ज्याला दोन्ही येतात तोच ठरवत असतो.

आजोबांचे बायबल आता माझ्याकडे आहे. या लेखासाठी ते पुन्हा उघडले, तेव्हा शब्दार्थ संपतात ते पान नीट पाहिले. नंतरच्या पानांपैकी लूकच्या शुभवर्तमानात एका ठिकाणी समासात पेन्सिलीची उभी रेघ आहे. उधळ्या मुलाच्या घरी परतण्याची ती गोष्ट आहे. तिथे एकाही शब्दाचा अर्थ लिहिलेला नाही. तो भाग परीक्षेला नव्हता. आजोबांनी तो आपल्यासाठी वाचला असावा.